रुखसतीचं कारण

ज्वारीच्या काढणीला विळे लागले की माझ्या ओट्यावर पोरांची रांग लागते. मला नोकरीतून मोकळं होऊन एवढी वर्षं झाली, की मी मास्तर होतो याला पुरावा म्हणून आता फक्त माझा आवाज उरलाय. पण कारणं मागायला पोरं अजून माझ्याकडंच येतात. रजेच्या अर्जाला कारण लागतं ना, ते. कारणांचा माझ्याइतका साठा उभ्या परभणी जिल्ह्यात कुणाकडं नाही. ताप, पोटदुखी, मामाचं लग्न असला किरकोळ माल मी ठेवतच नाही. गेल्या सुगीत एका पोराला मी लिहून दिलं होतं, की आमच्या म्हशीनं माझी गणिताची वही खाल्ली, तेव्हापासून ती दूध मोजून देते आणि एक थेंब चुकला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. तिच्याजवळ बसायला घरात दुसरं माणूस नाही. हेडमास्तरांनी त्याला दोन दिवसांची रजा दिली आणि अर्ज बायकोला वाचून दाखवायला घरी नेला.

यंदा शेजारची सुमन आली. पाचवीतली. ती कारण मागायला आली नव्हती, लिहूनच आली होती. मी फक्त शुद्धलेखन बघायचं होतं. ‘माझा मोठा भाऊ घरी आला आहे, म्हणून मला एक दिवसाची रजा मिळावी.’ मी ऱ्हस्व-दीर्घ बघितलं, पूर्णविराम बघितला.

‘‘आबा, बरं हाय ना कारण?’’

‘‘लय बरं हाय. पळ.’’

ती पळाली. मी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि समोरच्या रस्त्यानं कडब्यानं भरलेल्या गाड्या जाताना बघत राहिलो. चष्म्याशिवाय त्या गाड्या मोठ्या दिसतात, कडब्याच्या टेकड्याच चालल्यात असं वाटतं. बाकीच्या पोरांना त्या दिवशी कारणं मिळाली नाहीत. आबांचा माल संपला, असं म्हणत ती गेली.

निजामाच्या राज्यातली ती शेवटची सुगी. शेवटची आहे हे तेव्हा कुणाला ठाऊक? आम्हांला वाटायचं, हे असंच चालणार, आमच्या नातवांच्या नातवांनाही सकाळी उठून हुजुरांच्या सलामतीचं गाणं म्हणावं लागणार. मी पंचवीस वर्षांचा होतो आणि सहाव्या जमातीला शिकवत होतो. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथले लोक येतील आणि माझ्या गोष्टीत दुरुस्त्या करत बसतील. झरीहून सकाळी गाडी जुंपली तर दुपारपर्यंत पोचता यायचं एवढं सांगतो. बैल शहाणे असले तर.

शाळेत सगळं उर्दूतून. हिशेब उर्दूतून, भूगोल उर्दूतून, छडीसुद्धा उर्दूतून. मराठीला दिवसातला एक तास, तोही जेवणानंतरचा, पेंगायचा. फळ्यावर मी तारीख लिहायचो ती सरकारी महिन्यांची, बहमन आणि इस्फंदार. पोरांच्या घरी माघ चालू असायचा. दोन महिने एकाच वेळी जगायची त्या पोरांना सवय होती. घरी आईला ‘भूक लागली’ म्हणायचं, इथं ‘पेशाब को जाना जी’ म्हणायचं, आणि मधल्या वाटेवर, जिथं कुणी ऐकत नाही तिथं, दोन्ही भाषांतल्या शिव्या द्यायच्या.

घंटा म्हणून आमच्या शाळेत पूर्णेच्या जंक्शनातून आणलेला रुळाचा तुकडा लिंबाला टांगला होता. तो असा खणखणे, की पूर्णेला पाणी घेत उभं असलेलं इंजिन आपल्यालाच बोलावलं समजून शिट्टी मारे. माझा आवाजही त्याच लोखंडाचा. मी हजेरी घेतली की चार कोसांवरच्या रानात गोफण फिरवणारी पोरं गोफण टाकून ‘हाजिर जनाब’ म्हणत. वर्गात बसलेली मात्र ऐकत नसत, ही गोष्ट वेगळी.

सुगीत वर्गाला एक वास यायचा. ज्वारीच्या ओल्या ताटाचा, घामाचा, आणि पोरांच्या टोपीत लपवलेल्या हुरड्याचा. पहाटे रानात जाऊन मग शाळेत आलेल्या पोरांची बोटं ज्वारीच्या पानानं चिरलेली असत. पाटीवर लिहिताना मधूनच एखादं अक्षर तांबडं उमटे. पहिला अर्धा तास करडईचे काटे काढण्यात जाई. एकानं पाय पुढं करायचा, दुसऱ्यानं सुई चालवायची, आणि मी पाढे म्हणायचे. तेराचा पाढा मला आजही काटा निघतानाच्या ‘आई गं’सकट पाठ आहे.

पण त्या साली हजेरीपटावरची नावं सुगीच्या आधीच गळायला लागली होती. कुणाचं घर एका सकाळी बंद दिसायचं, दाराला बाहेरून कडी, अंगणात कोंबड्या तशाच. सगळे हद्द ओलांडून वऱ्हाडात गेलेले. गेलेल्याचं नाव शाळेत मोठ्यानं घ्यायचं आणि त्यावर कुणी ‘हाजिर’ म्हणायचं नाही, ही शांतता मला सोसायची नाही. म्हणून त्या नावापाशी आलो की मी खोकायचो. आधी दिवसातून एकदा, मग चारदा, मग सातदा. पुढं पुढं माझा खोकला ऐकून गावात बोलवा उठली, की मास्तरला क्षय झालाय. सोयरीक घेऊन येणारे दोन पाहुणे वेशीवरूनच परत गेले.

त्या दिवशीही मी सातदा खोकलो आणि मग म्हणालो, ‘‘आज रुखसतीची दरख्वास्त लिहायची.’’

म्हणजे रजेचा अर्ज. हा धडा माझा आवडता. भूमितीत मी कच्चा, इतिहासात बादशहांचे बाप बदलायचो, पण हा धडा मी असा शिकवायचो, की चालू असताना बाजूच्या जमातीची पोरं भिंतीला कान लावत.

‘‘कारण ज्याचं त्यानं काढायचं. ताप लिहील त्याला छडी.’’

‘‘मंग काय लिवावं, मास्तर?’’

‘‘असं लिहा, की वाचून साहेबाला वाटलं पाहिजे, अरेरे, ह्या पोराला सोडलंच पायजे.’’

‘‘आमच्या आज्याला साप चावला, लिवू?’’

‘‘लिही. कुठं चावला?’’

‘‘पायाला.’’

‘‘पायाला सगळ्यांच्याच आज्याला चावतोय. नाकाला लिही. आणि साप कुठं गेला तेही लिही. नुसतं कारण लंगडं असतं रं, त्याला मागून एक ढकलणारी गोष्ट जोडायची.’’

पोरं हसली, बोरू शाईत बुडाले. तेवढ्यात मागून मन्मथनं विचारलं, ‘‘मास्तर, खरं लिवलं तर चालतंय का?’’

मन्मथ म्हणजे संगप्पा वाण्याचा धाकटा. बारा-तेरा वर्षांचा, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, आणि खोटं बोलायच्या कामात पार निकामी. एकदा मी विचारलं होतं, ‘घरी अभ्यास कुणी केला नाही?’ तर सगळी जमात छताच्या वाशांकडं बघायला लागली आणि मन्मथ उठून म्हणाला, ‘म्या न्हाई केला जी. आन् ह्या समद्यांनी बी न्हाई केला.’ मधल्या सुट्टीत पोरांनी त्याला धरून बडवला. तर रडत रडत मला येऊन सांगतो, ‘लय जोरात न्हाई मारलं, मास्तर.’

‘‘खरं लिहिलंस तर रजा मिळायची न्हाई रं बाबा,’’ मी म्हणालो. जमात खो खो हसली. मन्मथनं मान खाली घातली आणि लिहायला लागला.

नाजिरसाहेब, म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी, त्या दिवशी यायचे होते ते दहाच्या सुमारास आले. बैलांच्या दमणीत बसून. मागं घोड्यावर ठाण्याचा अमीन. आजच्या भाषेत फौजदार. त्या दिवसांत अधिकारी एकटे फिरत नसत. नाजिरसाहेब उत्तरेकडचे, वयस्कर, दम्यानं खंगलेले. उर्दू अशी हळुवार बोलत, की शब्द बाहेर यायच्या आधी उंबऱ्यावर जोडे काढत असावेत. इतकी वर्षं या मुलखात काढून त्यांना मराठीतले दोनच शब्द येत, ‘चला’ आणि ‘पाणी’, आणि त्यातलाही ‘पाणी’ त्यांनी आपल्याबरोबरच आणलेला. अमीन मात्र इथलाच. त्याची मराठी तुमच्या-माझ्यासारखी. तो वर्गात आला, पान लावलं, आणि आमच्याकडं पाठ करून खिडकीशी उभा राहिला. शाळेत त्याला रस नव्हता.

नाजिरसाहेबांनी वह्या मागवल्या. मी अजून एकही वाचलेली नव्हती. आज्याच्या नाकाला चावलेला साप वाचून ते हसले, हसताना दमले, पाणी प्याले. मग एका विहिरीत पडलेल्या रेड्याला हसले. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होतो आणि मनातून फुगत होतो. मग मन्मथची वही आली.

‘अर्ज है कि घर में बड़ा भाऊ आया है. खेत में जाना है. इस लिए एक रोज़ की रुखसत इनायत हो.’

मी खिडकीशी उभ्या अमीनाच्या पाठीकडं बघितलं.

मन्मथचा मोठा भाऊ विश्वनाथ चार महिन्यांपूर्वी हद्दीपलीकडं गेला होता, सरकारशी लढणाऱ्यांत. सगळ्या गावाला ठाऊक होतं. अमीन दोनदा संगप्पाच्या दारात येऊन गेला होता, आणि दुसऱ्या खेपेला त्यानं त्या म्हाताऱ्याला चावडीपुढं दिवसभर उन्हात एका पायावर उभं केलं होतं. पोरगा सापडला की तिथल्या तिथं उडवीन, हे तो चावडीतच बोलला होता. आणि विश्वनाथ आला होता. आईला बघायला आला असणार. शेतात होता. मला त्या वहीनं सांगितलं तेव्हा कळलं, की सगळ्या शिवाराची काढणी होऊनही ओढ्याकाठची संगप्पाचीच ज्वारी का उभी होती. गाव म्हणत होतं, वाण्याला मजूर मिळेनात.

आता इथं एक लिपीची गंमत सांगितली पाहिजे. गंमतच म्हणायची तिला. आमच्या पोरांना उर्दू शब्द आठवला नाही, की ती बेलाशक मराठी शब्द उर्दू अक्षरांत लिहून मोकळी व्हायची. ‘भाई’ हा शब्द मन्मथला येत नव्हता असं नाही. पण विश्वनाथला तो जन्मल्यापासून भाऊच म्हणत आलेला. त्याला भाई म्हणणं त्याला खोटं वाटलं असणार. आणि उर्दूत ‘भाऊ’ लिहा की बाजारातला ‘भाव’ लिहा, कागदावर अक्षरं तीच. एका रेघेचा फरक नाही.

नाजिरसाहेबांनी चष्मा सरळ केला. ‘‘घर में बड़ा भाव आया है? यह क्या वजह हुई, मास्टर साहब?’’

त्या लिपीच्या मी मनातल्या मनात पाया पडलो.

‘‘हुजूर, बनिए का बच्चा है,’’ मी म्हणालो. ‘‘जवार का भाव चढ़ा है. भाव आया तो माल काटने घर के सब को खेत में जाना पड़ता.’’

साहेब हसले. ‘‘बच्चा सच्चा मालूम होता है,’’ म्हणाले, आणि पान उलटायला बोट जिभेला लावलं.

इथं मी थांबायला हवं होतं. खिडकीतल्या अमीनानं मागं वळूनही बघितलं नव्हतं. साहेबांचं बोट ओलं झालं होतं, पान उलटणारच होतं. पण साहेब हसले होते, आणि मी पुढ्यातला माणूस एकदा हसला की दुसऱ्यांदा हसवल्याशिवाय राहू न शकणारा प्राणी. शिवाय पोरांना नुकतंच शिकवलं होतं, कारणाला मागून ढकलणारी एक गोष्ट लागते.

‘‘सब की कट गई, हुजूर, इन की अकेली खड़ी है ओढे पर, भाव की राह देखते. और जवार भी ऐसी, कि आदमी अंदर घुसा तो उस की माँ को न मिले!’’

साहेब दुसऱ्यांदा हसले.

खिडकीत अमीनाचं पान चघळणं थांबलं. तो वळला, सावकाश आला, साहेबांच्या हातातली वही त्यानं अदबीनं मागून घेतली. त्या एका शब्दावर बोट ठेवून त्यानं तो ओठांतल्या ओठांत वाचला. एकदा असा वाचला. मग तसा वाचला. मग मन्मथच्या डोक्यावर हात ठेवून अगदी मायेनं विचारलं, ‘‘वड्याकाठचं रान तुमचंच का रं, बाळा?’’

‘‘व्हय जी,’’ मन्मथ म्हणाला.

अमीनानं वही साहेबांना परत दिली, ‘‘मैं ज़रा आया, साहब’’ म्हणाला आणि गेला. बाहेर घोडं फुरफुरलं.

मन्मथ उभा राहिला. तरटावरचं आपलं दप्तरही त्यानं उचललं होतं. ‘‘मास्तर, रुखसत.’’

‘‘क्या चाहता है?’’ साहेबांनी विचारलं.

‘‘रुखसत चाहता है, हुजूर,’’ मी म्हणालो.

‘‘अभी? वजह?’’

मन्मथनं माझ्याकडं बघितलं. सगळ्या जमातीनं माझ्याकडं बघितलं. म्हशी, साप, रेडे, नाकं, विहिरी यांचा मी मालक. एवढ्याशा पोराला एक कारण द्यायचं होतं. आणि माझ्या डोक्यात काही नव्हतं. घोड्याच्या टापा तेवढ्या होत्या, त्या ठाण्याकडं चालल्या होत्या. मला भीती वाटली हो. मी मघाशी काय बोललो हे साहेबांना कळेल, मला धरतील, माझी नोकरी, माझी मान. मी तेवढंच बघत होतो.

‘‘मुआइने के वक़्त कोई बच्चा बाहर नहीं जाएगा,’’ साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता, तपासणीचा नियम सांगितला. ‘‘बैठ जाओ.’’

मन्मथ बसला नाही.

मग मीच म्हणालो, ‘‘बस रं, मन्मथ.’’

तो बसला.

साहेबांना हिशेब बघायचा होता. मी फळ्यावर हौदाचं गणित घातलं; एका तोटीनं हौद इतक्या वेळात भरतो, दुसरीनं इतक्या वेळात, दोन्ही सोडल्या तर किती वेळात. ठाण्याकडून टापा परत आल्या, आता त्या एका घोड्याच्या नव्हत्या, आणि ओढ्याकडं गेल्या. खडू दोनदा मोडला. पोरं पाट्या घासायला लागली. बाहेर लिंबाच्या सावलीत दमणीचे बैल रवंथ करत होते, त्यांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज येत होता. कुठल्यातरी खळ्यावर बडवणी चालली होती. चांगला दिवस होता. थंडी सरून ऊन नुकतं लागायला लागलेलं, कडब्याचा वास आलेला.

ओढ्याकडून आवाज आला. मग आणखी एक. खळ्यावरची बडवणी थांबली.

त्या ज्वारीतून चिमण्या उठल्या आणि शाळेवरून गेल्या. केवढा थवा होता ते मी सांगणार नाही. मी सांगितलं तर मोठाच सांगेन. नाजिरसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा काढला. ‘‘जारी रखिए,’’ म्हणाले. तपासणीच्या वहीत त्यांनी लिहिलं, जमातीचं काम तसल्लीबख्श. म्हणजे समाधानकारक. त्या गणिताचं उत्तर सगळ्या जमातीत एकट्या मन्मथचं बरोबर होतं.

पावसाळा सरता सरता ते राज्य गेलं. फळ्यावरून बहमन आणि इस्फंदार पुसले गेले, ‘हाजिर’चं ‘हजर’ झालं. मी मराठीतून हौद भरायला लागलो आणि पुढं तीस-बत्तीस वर्षं भरत राहिलो. लोक म्हणतात, मास्तरांच्या गोष्टी ऐकून हसता हसता पोट दुखतं. दुखत असेल. पण दर सुगीला, कडब्याच्या गाड्या रस्त्याला लागल्या की मी मनातल्या मनात त्या वर्गात जातो आणि साहेबांच्या ‘वजह?’ला उत्तर देतो. पोराला मिरगी येते, हुजूर. याच्या आईचे आज दिवस भरलेत. याचं लिंग घरी राहिलं, हुजूर, त्याच्याशिवाय हे लोक पाणी पीत नाहीत. एकापेक्षा एक कारणं आहेत. एवढ्या वर्षांत त्या एका प्रश्नाची इतकी उत्तरं झालीत, की सगळी लिहिली तर गोदावरी अडेल.

आणि यातलं एकही लागत नव्हतं. सांगायला लाज वाटते. शाळेत पोराला बाहेर जायचं असलं, की ते करंगळी वर करतं. दिवसातून वीसदा करतात. लाटसाहेब समोर बसला असला तरी करंगळीला कुणी ‘वजह?’ विचारत नाही. मन्मथ करंगळी वर करून सुटला असता, शाळेमागच्या वाटेनं पळत घोड्यांच्या आधी रानात पोचला असता, कारण घोडी आधी ठाण्याकडं गेली होती. त्याला ते सुचलं नाही. त्याला लघवी लागलेली नव्हती, मग तो करंगळी कशी वर करणार? आणि मला, सगळं सुचणाऱ्याला, नेमकं तेच सुचलं नाही.

विश्वनाथला त्यांच्या रिवाजाप्रमाणं त्याच ओढ्याकाठी बसवून माती दिली. लिंगायतांत सुतक धरत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मन्मथ अंघोळ करून, भस्म लावून तरटावर आपल्या जागी बसलेला. मी नाव घेतलं. ‘‘हाजिर जनाब,’’ तो म्हणाला. पुढच्या नावांना मी खोकलो नाही, नुसताच थांबलो.

गावात मात्र कुजबुज सुरू झाली होती, की खबर दिली कुणी. बोटं फिरत फिरत संगप्पाच्या सालगड्यावर येऊन थांबली. रानात राबणारा तोच, ज्वारीत कोण आहे हे ठाऊक असणारा तोच. तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्याच्या झोपडीवर दगड टाकले. त्या संध्याकाळी तो बायकापोरांना घेऊन निघून गेला, देवगाव फाट्याकडं म्हणतात, आणि पुन्हा गावात दिसला नाही.

चौथ्या दिवशी मी संगप्पाच्या दुकानात गेलो. संगप्पा गादीवर बसला होता. मन्मथ त्याच्या बाजूला उकिडवा बसून पुड्या बांधत होता.

‘‘या मास्तर. बसा.’’

मी बसलो नाही. ‘‘अप्पा, रानातलं अमीनाच्या कानावर गेलं ते माझ्या तोंडून गेलं. तुमच्या सालगड्यानं काही केलं नाही.’’

‘‘काय म्हनलाव?’’

मी सांगितलं. भाऊ कसा भाव झाला, साहेब कसे हसले, मग मी काय बोललो. आयुष्यात पहिल्यांदा मी एक गोष्ट काही न जोडता सांगत होतो, आणि मला ती नीट सांगता येईना. मधेच अडखळलो, मागचं पुढं झालं, साहेबांचं हसणं दोनदा सांगितलं. माझं मलाच ते बनवलेलं वाटायला लागलं.

संगप्पा ऐकून घेत होता. मग म्हणाला, ‘‘मास्तर, गेल्या साली तुमच्या छडीला पालवी फुटली म्हनून तुमी हितंच बसून सांगितलं हुतं. समदी पेठ हसली हुती. त्या गड्याची तुमाला दया आली, म्हनून सांगायलाव. कळतंय मला.’’

‘‘नाही अप्पा. मन्मथला विचारा. तो होता की वर्गात. त्यानं ऐकलंय.’’

संगप्पानं पोराकडं बघितलं. ‘‘का रं मन्या? मास्तर बोल्ले का असं काई?’’

मन्मथनं हातातल्या पुडीला दोऱ्याचे दोन वेढे दिले, गाठ मारली, दोरा दातानं तोडला. मग वर बघितलं. बापाकडं नाही, माझ्याकडं. त्या दिवशी दप्तर हातात घेऊन बघितलं होतं तसंच.

‘‘न्हाई अप्पा,’’ तो म्हणाला. ‘‘मास्तर काईच बोल्ले न्हाईत.’’

त्यानं तसं का म्हणावं, मला वाचवायला की बापाला, की मला कधी वाचता येऊ नये म्हणून, ते मला आजतागायत कळलेलं नाही. मी पोरांची हजारो खोटी कारणं तपासली. त्याच्या त्या चार शब्दांत मला कुठं बोट ठेवायला जागा सापडली नाही.

‘‘बगा,’’ संगप्पा म्हणाला. त्याचा आवाज दमलेला होता. ‘‘मास्तर, जगाचं समदं वाढवून सांगा. आमच्या घरचं तेवढं नका सांगू.’’

मी तिथंच पायरीवर उभा होतो. मागून एक बाई मीठ न्यायला आली होती, तिला आत जाता येईना.

‘‘मास्तर, जरा सरका की,’’ ती म्हणाली.

मी सरकलो.